बारा मोटेची विहीर आणि मुक्कामी एसटी

साताऱ्याजवळ लिंब नावाचं गाव आहे. तिथली विहीर पाहायला लांबून लोक येतात. अष्टकोनी, दगडी, आत उतरलं की महाल लागतो. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली असं सांगतात. व्यास पन्नास फूट, खोली शंभर फुटांच्या वर. एवढी मापं हाताशी असताना लोकांनी तिला ओळखलं ते तिच्यावर किती मोटा चालू शकतात यावरून. बारा मोटेची विहीर. बारा ठिकाणी चाकं, बारा ठिकाणी नाडे, आणि प्रत्येक नाड्याला किमान एक बैलजोडी.

मला हे नाव फार आवडतं. पाण्याचं माप जनावराच्या खांद्यानं सांगायची रीत त्यात जशीच्या तशी टिकली आहे. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. मोजमापाचा धडा आला की मी मुलांना मीटर आणि किलोग्रॅमच्या आधी ही विहीर सांगायचो. नंतर नंतर मला उलटी रीत वापरावी लागली. जनावर समजावून सांगायला फळ्यावर एसटी काढावी लागली. दोन पिढ्यांत हे माप कसं उलटलं, ते इथं मांडतो आहे.

आमचा तालुका आटपाडी. माणदेश म्हणजे दुष्काळ, मेंढरं आणि खिलार बैल. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलारांचा बाजार भरतो. तिथं बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर बघतो, मग चार पावलं चालवून बघतो. अशा गावात प्रत्येक वस्तूचं माप बैलात सांगितलं जायचं. एखाद्याची शेती किती? चार औतांची. नांगर कसला? मुरमाड रान असेल तर दोन बैली, काळं रान असेल तर चार बैली, हरळी माजली असेल तर सहा बैली. विहीर केवढी? दोन मोटांची. सोयरीक ठरवतानाही मुलाकडं दावणीला किती बैल आहेत हे आधी विचारलं जाई, एकर नंतर. आणि ते बरोबरच होतं. पडीक पंधरा एकरांपेक्षा दोन चांगल्या जोड्या माणसाला जास्त वर्षं जगवत.

ही रीत आमच्या गावापुरती नव्हती. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं बंजाऱ्यांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. धान्य, मीठ, सगळं पाठीवरच्या गोणीत. एका तांड्यात किती माल आला हे बैलांच्या संख्येवरून कळे. तोफांचंही तेच. विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. ती ओढायला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली अशी आठवण सांगितली जाते. तोफेचं वजन टनांत सांगितलं तर मुलं ऐकून घेतात आणि विसरतात. चारशे बैल म्हटलं की वर्गात कुजबुज सुरू होते. त्यांना वैरण कुणी घातली, पाणी कुठं पाजलं, वाटेत किती मेले?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याकडं पुन्हा येतो.

बैलाच्या पाठीवरचा माल चाकावर यायला घाट आडवा होता. देशावरचा कापूस मुंबईला जायचा तो बैलांच्या पाठीवरून बोरघाट उतरून. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमनं बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, तेव्हा कुठं गाडी जोडून घाट उतरता येऊ लागला. त्यानंतर फक्त तेवीस वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, चौतीस किलोमीटर, आणि पुढं साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. त्या गाडीवर रचलेलं म्हणून जे लोकगीत आजही आजीच्या पिढीला पाठ असतं, त्यातलं आश्चर्य कशाचं आहे ते पाहा. वाफेचं नाही, वेगाचं नाही. गाडी आहे आणि तिला बैल नाहीत, याचं आहे. गाणं रचणाऱ्यानं इंजिन बैलाच्या जागी उभं करून पाहिलं. नव्या वस्तूला पहिला प्रश्न हाच विचारला जातो: तू कुणाच्या जागी आलीस?

याच प्रश्नाचं उत्तर इंग्लंडात आकड्यात दिलं गेलं होतं, तेही मालाच्या विक्रीसाठी. १७०२ मध्ये थॉमस सेव्हरीनं आपल्या पंपाबद्दल लिहिताना तो किती घोड्यांचं काम करील असा हिशेब मांडला होता. जेम्स वॉटनं तो पक्का केला. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची कमाईची एक रीत अशी होती: खाणीत जुन्या धर्तीचं इंजिन असेल तर आमचं बसवा, कोळसा वाचेल, त्या बचतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. खाणवाल्यांना हे पटे. पण बिअरचे कारखाने आणि गिरण्या घोड्यांवर चालत. घोडा कोळसा खात नाही, मग बचत कशात मोजायची? म्हणून घोडाच मोजला. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉटनं गिरणीच्या घोड्याचा हिशेब असा धरला: बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात तो तासाला १४४ फेरे घालतो आणि १८० पौंड जोर लावतो. गुणाकार केला की मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॉटनं ते ३३,००० केले. तीच अश्वशक्ती. पुढं मेट्रिक पद्धतीत ती ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याएवढी ठरली.



मी हा गुणाकार सातवीच्या वर्गात करून घ्यायचो. फेऱ्याचा परीघ काढा, तासाची मिनिटं करा, १८० नं गुणा. उत्तर आलं की घोड्याची चाल काढा. ती ताशी सव्वातीन किलोमीटरच्या आसपास निघते. मुलं म्हणायची, ही तर आपल्या बैलांची चाल झाली. खरंच आहे. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकात मध्यम बैलाची शक्ती अर्धी अश्वशक्ती धरतात, म्हणजे जोडीची एक. वॉटचा एक घोडा म्हणजे आपली एक जोडी, हे गणित पाठ करायला सोपं आणि वापरायला फार कामाचं आहे.

तोफ ओढताना वाटेत किती बैल मेले, हा मघाचा प्रश्न इथं परत येतो. वॉटच्या घोड्यात एक गोष्ट मोजली गेली नाही. तो दमत नाही. खरा घोडा दमतो. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की मोठा घोडा काही सेकंद जोर लावतो तेव्हा तो जवळजवळ पंधरा अश्वशक्ती देऊ शकतो. दिवसभर कामाला जुंपला की तोच एकीवर येतो. निरोगी माणूसही जिना पळत चढताना क्षणभर एक अश्वशक्ती ओलांडतो, आणि तासभर काम करताना तिच्या दहाव्या हिश्शावर असतो. म्हणजे जनावराची ताकद सांगताना किती वेळ हे सांगितलंच पाहिजे. इंजिनाला ते सांगावं लागत नाही. एककाचं नाव जनावरावरून पडलं आणि जनावराचा थकवा तेवढा बाहेर राहिला.

थकव्याची किंमत बघायची असेल तर मुंबईच्या ट्रामकडं बघावं. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. एका गाडीला एक किंवा दोन घोडे. तरी कंपनीच्या तबेल्यात सुरुवातीलाच नऊशे घोडे होते असं सांगतात. कारण उघड आहे. गाडी दिवसभर धावते, घोडा धावू शकत नाही. एक दमला की दुसरा जुंपायचा, आजारी, नाल ठोकायला गेलेले, नवे शिकत असलेले, असे सगळे धरून तो आकडा होतो. रस्त्यावर दिसणाऱ्या घोड्यामागं न दिसणारे किती घोडे उभे असतात, ते तबेल्याच्या वैरणीवरून कळतं. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली आणि तो तबेला संपला. ट्राम स्वतः ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली.

आमच्याकडं हे सगळं फार उशिरा आलं, आणि ते आलं शेतातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीमुळं पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिथं पंप बनू लागले. आटपाडीहून ते गाव काही फार लांब नाही. पण वीज आल्याशिवाय पंपाचा उपयोग नव्हता, आणि आमच्या वस्तीवर खांब येईपर्यंत माझी शाळा निम्मी झाली होती.

तोपर्यंत मोट. आमचे आण्णा पहाटे चांदणी असताना मोट धरायचे. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली जायचे, नाडा ताणायचा, कातड्याची मोट भरून वर यायची, सोंदूर सैल पडला की सोंडेतून पाणी थारोळ्यात कोसळायचं. मग बैल मागं मागं पावलं टाकत धाव चढायचे. उलटं चढणं हेच खरं कष्टाचं. नवख्या बैलाला ते शिकवायला आण्णांना महिने लागत. ऊन चढलं की मोट सुटायची. बैलाच्या मानेवर हात ठेवून आण्णा ठरवायचे, आज किती. वाफे अर्धे राहिले तरी सुटायची.

मोटर आली तेव्हा ती बसवणारा मिस्त्री म्हणाला, पाचची आहे. आण्णांनी विचारलं, "पाच बैलांची?" मिस्त्री म्हणाला, "पाच घोड्यांची." आण्णा म्हणाले, "घोडा कुणी बघितलाय मोटंला? बैलात सांग." मिस्त्रीला सांगता आलं नाही. तो हिशेब मी नंतर, शिक्षक झाल्यावर केला.

असा आहे तो. दीडशे लिटरची मोट धरा, चाळीस फूट खोलीवरून, आणि जाऊन-येऊन दीड मिनिटाला एक खेप. पाणी उचलण्याचं काम काढलं तर जेमतेम पाव अश्वशक्ती भरतं. जोडीची एक अश्वशक्ती गेली कुठं? थोडी चाकाच्या घर्षणात, थोडी ओल्या कातड्याच्या आणि नाड्याच्या वजनात, आणि बराच वेळ उलटं धाव चढण्यात, जेव्हा पाणी वर येतच नसतं. आता पाच अश्वशक्तीची मोटर घ्या. तिचा पंप चांगला असेल तर पाण्यापर्यंत तीन-सव्वातीन अश्वशक्ती पोचते. भागून बघा. बारा ते तेरा मोटा. म्हणजे विरूबाईंच्या विहिरीवर चोवीस बैल आणि बारा मोटकरी जे काम करत असतील, साधारण तेवढं आमच्या वस्तीवरची ती एक हिरवी मोटर एकटी करत होती, तीही विश्रांती न घेता. हा हिशेब आण्णांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मग विहिरीत पाणी किती दिवस पुरंल?"

माझ्या मते गेल्या साठ वर्षांच्या माणदेशाचा इतिहास या एका प्रश्नात आहे. बैल दमत होता, तेव्हा विहिरीला भरायला वेळ मिळत होता. दमणं हे त्या सगळ्या व्यवस्थेचं कुलूप होतं. ते निघालं आणि पाण्याची पातळी खाली गेली, मग कूपनलिका, मग साडेसातची मोटर, मग दहाची. आण्णा बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्यांच्या खांद्यावर जू ठेवत नसत, आणि पुढं त्या दिवशी मोटरही चालू करत नसत. गावातले लोक त्याला भाबडेपणा म्हणायचे. मला तो शहाणपणा वाटतो.

आता एसटीकडं वळतो, कारण मापाची उलटापालट तिच्यामुळं झाली.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली. आमच्या शाळेच्या गावात ती यायला डांबरी रस्ता व्हावा लागला. मग संध्याकाळी मुक्कामी गाडी येऊ लागली. चालक-वाहक चावडीत झोपायचे, गाडी शाळेच्या आवाराला लागून उभी राहायची आणि सकाळी पहिल्या तासाआधी सुटायची. तालुक्याला शिकायला जाणारी मोठी मुलं तिच्यातून जायची, आणि माझ्या वर्गातली लहान मुलं तिला हात लावून यायची. एव्हाना दावणी रिकाम्या होत चालल्या होत्या. ट्रॅक्टर आले होते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मोट पाहिलेली नव्हती, चार बैली नांगर तर कुणीच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तोफ बैलात सांगतो आहे आणि मुलांच्या मनात बैलच नाही. त्यांच्या रोजच्या पाहण्यातली सगळ्यात मोठी वस्तू ती लाल गाडी होती.

म्हणून आम्ही एसटी मोजली. दोरी घेऊन, चालकाची परवानगी घेऊन. लांबी सुमारे छत्तीस फूट, म्हणजे अकरा मीटर. रुंदी अडीच मीटरहून थोडी जास्त, उंची तीन मीटरच्या वर. प्रवाशांनी आणि टपावरच्या सामानानं भरली की पंधरा-सोळा टन. इंजिन सव्वाशे-दीडशे अश्वशक्तीच्या आसपासचं, म्हणजे तेवढ्या बैलजोड्या. ही मापं वर्गाच्या भिंतीवर तेलरंगानं लिहिली. पुढं जे जनावर धड्यात येई, ते या मापाला लावलं जाई.

आशियाई हत्ती खांद्यापाशी पावणेतीन मीटर, वजन चार टन धरलं तर भरलेल्या एका एसटीत चार हत्ती. जिराफ साडेपाच मीटर, म्हणजे एसटीच्या टपावर पूर्ण वाढलेला माणूस उभा केला तरी जिराफ त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघेल. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढतो. मैदानावर फक्कीनं त्याची रेघ ओढली तेव्हा ती शाळेच्या फाटकातून बाहेर गेली. पावणेतीन एसट्या. पण वजनाला दीडशे टन धरला तर भरलेल्या दहा एसट्या. लांबीला तीनही नाहीत आणि वजनाला दहा, हे कसं, यावर वर्गात जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्याच धड्यावर झाली नाही. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, मग त्यो स्टँडात लावायचा कुठं?" तिला मी सांगितलं की त्याला स्टँडात आणताच येत नाही, आणि का ते आपण शोधू.

ते शोधताना जून २०१५ ची रेवदंड्याची घटना फार उपयोगी पडते, आणि निवृत्त झाल्यावरही कुठल्या शाळेत बोलावलं तर मी ती सांगतो. रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा जिवंत लागला. लांबी बेचाळीस फूट, म्हणजे एसटीपेक्षा जेमतेम सहा फूट जास्त. कोळी आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला पाण्यात परत ढकलायचा प्रयत्न केला. तो काही तासांत गेला. समुद्रात त्याचं वजन पाणी पेलत असतं. वाळूवर ते त्याच्याच फुप्फुसांवर येतं. एसटीला लोखंडी सांगाडा आहे आणि तो वजनाच्या हिशेबानं बांधलेला आहे, म्हणून ती रात्रभर आमच्या मैदानावर उभी राहू शकते. तेवढाच देवमासा राहू शकत नाही. कोकणात सहल गेली तर रत्नागिरीच्या मत्स्य संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा मुलांना अवश्य दाखवावा. तो सुमारे पंचावन्न फुटांचा, दीड एसटी आहे.

वेगाची तुलना मुलांना सगळ्यात प्रिय. चित्ता ताशी शंभर किलोमीटर, आमची एसटी चांगल्या रस्त्यावर साठ-पासष्ट. मग चित्ता जिंकला? पहिले तीनशे मीटर जिंकला. त्यानंतर तो धापा टाकत बसतो आणि एसटी त्याच्या शेजारून विट्याला निघून जाते. याचा पुरावा कोल्हापूरच्या इतिहासात आहे. संस्थानाच्या काळात कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते पाळलेले असत. काळविटाच्या शिकारीला चित्ता स्वतः चालत जात नसे. त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीवर बसवून कळपाच्या जवळ नेत, पुढं पुढं मोटारीतूनही नेऊ लागले. जमिनीवरचं सगळ्यात वेगवान जनावर सगळ्यात संथ गाडीवर बसून कामाला जात होतं, कारण त्याचा वेग शेवटच्या काही शे मीटरांपुरताच खर्च करण्यासारखा होता. चित्तेवानांना जे कळत होतं ते वॉटच्या एककात बसत नाही. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आणले गेले.

या खेळात एक खोटी तुलना मात्र सर्रास चालते, आणि तिला मी वर्गात कधी जागा दिली नाही. पिसू आपल्या लांबीच्या शंभरपट उडी मारते, म्हणून पिसू एसटीएवढी असती तर किलोमीटरभर उडाली असती. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं उचलते, म्हणून मुंगी बैलाएवढी असती तर तिनं घर उचललं असतं. मुलांच्या पुस्तकांतून हे छापलं जातं. हे चूक आहे, आणि चूक असल्याचं १६३८ पासून माहीत आहे. गॅलिलिओनं तेव्हा लिहून ठेवलं की प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर त्याचं वजन आठपट होतं आणि हाडाच्या छेदाचं क्षेत्र चौपटच होतं. स्नायूचंही तसंच. म्हणजे मोठं होता होता प्राणी स्वतःच्या वजनाच्या मानानं दुबळा होत जातो. एसटीएवढी पिसू उडी मारणं सोडा, आपल्या पायांवर उभीही राहिली नसती. १९२६ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी याच विषयावर एक सुंदर निबंध लिहिला. हे हाल्डेन पुढं भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. तुलना करायची तर आहे त्या आकाराच्या जनावराची करावी. देवमासा दहा एसट्या आहे हे खरं आहे, आणि खरं असूनही ते पुरेसं थक्क करणारं आहे. त्याला खोट्याची जोड लागत नाही.

बैलांचा वेग तर आता न्यायालयापर्यंत जाऊन आला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यामुळं खिलाराला बाजारात पुन्हा किंमत आली. पण ती औताच्या बैलाची नाही. आमच्या आण्णांच्या जोडीला शर्यतीत कुणी विचारलं नसतं, आणि शर्यतीच्या बैलानं उलटं धाव चढलं नसतं. दोन्ही खिलारच. काम बदललं की मापही बदलतं.

अश्वशक्ती मात्र गावात घट्ट रुजली आहे. शेतीपंपाचा जोडभार एचपीत, बिल एचपीवर, आणि २०२४ पासून राज्य सरकारची मोफत विजेची योजना साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना. आटपाडीच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या घोडा बांधला गेला नाही, तरी वॉटचा इंग्लंडातला घोडा तिथं बिलावर दर तिमाहीला येतो. त्याच घरातल्या पोराला आजोबांची मोट किती लिटरची होती ते माहीत नसतं. हे मला मनापासून सलतं, कारण ते सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. मोटेचं आकारमान, खेपेला लागणारा वेळ, दिवसाला किती वाफे भिजत, बैल केव्हा सोडत, ही माहिती ज्यांच्या हाताला आहे ते सगळे ऐंशीच्या पुढचे आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात मुक्कामी गाडी येत असेल तर चालकाला विचारून मुलांकडून ती मोजून घ्या, आणि देवमाशाची रेघ मैदानावर ओढा. पण त्याच आठवड्यात मुलांना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मोटकऱ्याकडंही पाठवा. त्यांना विचारायला सांगा: मोट केवढी होती, विहीर किती खोल होती, एका खेपेला किती वेळ लागायचा आणि बैल किती वाजता सोडायचे. चारही उत्तरं वहीत लिहून घ्या. वर दिलेला हिशेब पाचवीचं मूलही करू शकतं.